कागदाच्या घडीचा कर्ता कोण?

पावसाची पहिली मोठी सर ओसरली, कीं नागपुरांतील गल्लीबोळांतून वाहणाऱ्या पाण्यावर कागदाच्या होड्या दिसूं लागतात. जुन्या वहीचें पान, कालचें वर्तमानपत्र, एखादें हस्तपत्रक, जें हाताला लागेल त्याची होडी होते. ती करावयास कात्री लागत नाहीं, खळ लागत नाहीं आणि शाळाहि लागत नाहीं. थोरल्या भावानें धाकट्यास दाखवावें, धाकट्यानें शेजारच्या मुलास दाखवावें, एवढ्यावर ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु या मुलांपैकीं एखाद्यानें जर विचारलें, कीं ही होडी पहिल्यानें कोणीं केली, तर भल्या भल्या वडील माणसांस निरुत्तर व्हावें लागेल.

श्रोतेहो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. जपानी भाषेंत 'ओरि' म्हणजे दुमडणें आणि 'कामि' म्हणजे कागद. या दोन शब्दांपासून झालेलें 'ओरिगामी' हें नांव आज साऱ्या जगास ठाऊक झालें आहे. एका चौकोनी कागदापासून, बहुधा न कापतां व न चिकटवितां, पक्षी, प्राणी, फुलें, पेट्या आणि भूमितींतील घनाकृति अशा हजारों वस्तु या कलेनें निर्माण केल्या. त्यांपैकीं कांहींचे कर्ते अज्ञात आहेत, कांहींचे ज्ञात आहेत, आणि कांहींचे कर्ते ज्ञात असूनहि विसरले जात आहेत. हा शेवटचा वर्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. अज्ञान हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु शोधल्यास सांपडणारें नांव न शोधणें हें मात्र कृतघ्नतेच्या जवळ जातें.

आपल्या संतकवींनीं अभंगाच्या शेवटच्या चरणांत आपलें नांव गोंवून ठेविलें. त्यालाच नाममुद्रा म्हणतात. ख्यालगायनांतील बंदिशींतहि तीच रीत आहे. 'सदारंग' ही मुद्रा ऐकली, कीं जाणकारास नियामत खां यांचें स्मरण होतें. नाममुद्रा असूनहि घोटाळे होतातच. एकाच्या नांवावर दुसऱ्याच्या रचना चढतात, मूळ ग्रंथांत प्रक्षिप्त ओव्या शिरतात. म्हणून तर शके १५०६ मध्यें एकनाथ महाराजांना ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून ती शुद्ध करावी लागली. जेथें नांव कोरून ठेविलें आहे तेथें ही अवस्था. मग जेथें नांव कोरण्यास जागाच नाहीं, तेथें काय व्हावें? कागदाची घडी उलगडली, कीं उरतात केवळ रेषा. त्या रेषांवरून घडी कशी घातली तें कळेल, परंतु ती प्रथम कोणाच्या बुद्धींत आली तें कळणार नाहीं. या दृष्टीनें घडीकामाचें नातें अभंगापेक्षां जात्यावरच्या ओवीशीं अधिक जवळचें आहे. एकीनें रचावी, दुसरीनें उचलावी, तिसरीनें तींत एक शब्द फिरवावा, आणि शेवटीं ती सर्वांची व्हावी.

अशा वस्तूंसाठीं 'परंपरागत' हा शब्द वापरण्याचा प्रघात आहे. हा शब्द जितका सोयीचा, तितकाच फसवा आहे. कारण तो ऐकला, कीं या गोष्टीला आरंभच नव्हता असें मनास वाटूं लागतें. वस्तुतः परंपरेलाहि आरंभ असतो. नागपूरकरांस याचें उदाहरण दूर शोधावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं लांकडी बैल घेऊन मुलें ज्या तान्ह्या पोळ्यास निघतात, तो दुसरे रघूजी भोसले यांनीं १८०६ सालीं सुरू केला असें सांगतात. त्याच दिवशीं मिरवणुकीनें निघणारी काळी मारबत १८८१ पासूनची व पिवळी मारबत १८८५ पासूनची, हेंहि शहरांत सर्वतोमुखीं आहे. बांबू, कागद व कापड यांचे हे पुतळे दरवर्षीं जाळले जातात. टिकणारें असें त्यांत कांहींच नाहीं. तरी त्यांचीं सालें टिकलीं. कारण तो उत्सव आपला म्हणून सांभाळणारीं माणसें त्या त्या वस्तींत होतीं. साल आपोआप लक्षांत राहत नाहीं. तें कोणीतरी राखावें लागतें. घडीकामांत असा राखणारा नसला, म्हणजे दोनशें वर्षांपूर्वींची कृति आणि वीस वर्षांपूर्वींची कृति एकाच 'परंपरागत' गाठोड्यांत बांधली जाते.

मग मूळ कर्त्याचा शोध घ्यावयाचा कसा? त्याचें पहिलें साधन म्हणजे जुनीं चित्रें. कागद कुजतो, परंतु त्याचें चित्र एखाद्या ग्रंथांत राहून जातें. आपल्या होडीचेंच पाहा. सॅक्रोबोस्को या मध्ययुगीन पंडिताच्या खगोलविषयक लॅटिन ग्रंथाची एक आवृत्ति १४९० सालीं व्हेनिस येथें छापली गेली. तींतील एका चित्रांत पाण्यावर ज्या होड्या दाखविल्या आहेत, त्यांचा आकार आपल्या कागदी होडीशीं इतका जुळतो, कीं पाहणारा चकित व्हावा. तेवढ्यावरून पंधराव्या शतकांत युरोपांतील मुलें कागदाच्या होड्या करीत होतीं असा निकाल देण्याचा मोह होतो. परंतु होडीसारखें चित्र हें कागदी होडीचेंच चित्र असेल असें नाहीं. चित्रकारानें लांकडी नावेचा आकार ओबडधोबड काढला असण्याचाहि संभव आहे. इंग्लंडांतील डेव्हिड लिस्टर हे ब्रिटिश ओरिगामी संस्थेचे जुने सभासद व्यवसायानें वकील होते. घडीकामाच्या इतिहासांतील अशा पुराव्यांची छाननी त्यांनीं अनेक वर्षें चालविली. साक्षीदार काय म्हणतो आणि साक्षीवरून काय सिद्ध होतें, यांतील अंतर ओळखण्याची वकिली संवय या शोधांत फार कामीं येते.

चित्रानें पुरावा दिला असें एक चांगलें उदाहरण जपानांतील आहे. चौकोनी कागदाचे सारखे तुकडे दुमडून, एकमेकांत अडकवून घनाकृति तयार करण्याची एक शाखा ओरिगामींत आहे. या शाखेंत मित्सुनोबु सोनोबे यांच्या नांवाचा घटक सर्वांत प्रसिद्ध आहे. तसे सहा तुकडे जुळविले, कीं एक सुबक घन होतो. खळीचा एक थेंबहि लागत नाहीं. हा घटक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रसिद्धीस आला, आणि त्यामुळें तुकडे जोडण्याची ही कल्पनाच अगदीं आधुनिक आहे असा पुष्कळांचा समज झाला. पुढें १९९३ सालीं यासुओ कोयानागी यांच्या दृष्टीस एक जुनें चित्र पडलें. दरवाजावरच्या नक्षीदार झडपांचे नमुने देणारें 'राम्मा झुशिकि' नांवाचें एक पुस्तक जपानांत १७३४ सालीं छापलें गेलें होतें. त्यांत इतर कागदी वस्तूंबरोबर एक घनाकार पेटी काढलेली होती, आणि ती सहा तुकड्यांची असावी असें दिसत होतें. मासाओ ओकामुरा या इतिहासकारानें ती कशी दुमडली असेल हें प्रत्यक्ष करून दाखविलें. अडीचशें वर्षें ती पेटी सर्वांच्या डोळ्यांपुढें होती. पाहणारा डोळा मात्र नव्हता.

या शोधानें सोनोबे यांचा मान कमी झाला काय? मुळींच नाहीं. पेटीची घडी निराळी आणि सोनोबे यांचा घटक निराळा. एवढेंच सिद्ध झालें, कीं तुकडे जोडून घन करण्याची कल्पना जुनी आहे व तो विशिष्ट घटक नवा आहे. पुढें याच घटकाचे तीनच तुकडे घेऊन तोशिए ताकाहामा या बाईंनीं एक रत्नाकृति केली. ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. म्हणजे एकाच वस्तूंत कल्पना एकाची, घटक दुसऱ्याचा आणि रचना तिसऱ्याची असूं शकते. कर्ता कोण, या प्रश्नाचें उत्तर नेहमीं एकाच नांवांत सामावेल अशी अपेक्षा करणेंच चुकीचें आहे.

दुसरें साधन छापील पुस्तकांचें. परंतु तें चित्राहून अधिक सावधपणें हाताळावें लागतें. केवळ मनोरंजनार्थ घडीकाम शिकविणारें जगांतील सर्वांत जुनें ज्ञात पुस्तक क्योतो येथें १७९७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांव 'हिदेन सेंबाझुरु ओरिकाता', म्हणजे सहस्र क्रौंचांच्या घडीची गुप्त विद्या. एकाच कागदास ठरलेल्या जागीं चिरा देऊन, पंखाला पंख किंवा चोंचीला चोंच जोडलेले अनेक पक्षी त्यांत करून दाखविले आहेत. अशा एकोणपन्नास रचना या पुस्तकांत आहेत, आणि प्रत्येकीबरोबर विनोदी कविता आहेत. पुस्तकाशीं नांव जोडलें जातें तें आकिसातो रितो या लेखकाचें. तथापि त्या घड्या त्याच्या नव्हत. त्या रचिल्या कुवाना गांवच्या चोएन्जि मंदिरांतील रोकोआन या भिक्षूनें. पुस्तक कोणाचें आणि कृति कोणाची, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हा धडा या पहिल्याच पुस्तकापासून मिळतो. आजहि एखाद्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर ज्याचें नांव असतें, त्यालाच आंतील प्रत्येक वस्तूचा जनक मानण्याची चूक सर्रास होते. वस्तुतः संग्राहक हा माळी असतो. झाड लावणारा निराळा असूं शकतो.

आणखी एक भेद येथें ध्यानांत ठेवावयास हवा. जोडलेल्या क्रौंचांचा कर्ता रोकोआन. परंतु एकट्या क्रौंचाचा कर्ता तो नव्हे. साधा क्रौंच त्याच्या पुष्कळ पूर्वींपासून जपानांत घरोघरीं होत होता आणि त्याचा मूळ कर्ता अनामिकच आहे. येथें 'परंपरागत' हा शब्द यथार्थ आहे, कारण तो शोधानंतर वापरला आहे. शोधाच्या ऐवजीं वापरला असतां तोच शब्द आळसाचें पांघरूण होतो.

परंपरांचें मूळ शोधणें कठिण होतें याचें एक मोठें कारण म्हणजे त्यांचा आपसांतील व्यवहार. युरोपांतहि घडीकामाची स्वतःची रीत होती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यानें बालोद्यानाची जी पद्धति घालून दिली, तींत कागदाच्या घड्यांना मानाचें स्थान होतें. मुलाच्या बोटांतून त्याच्या बुद्धीस आकार, माप व समता यांचा परिचय व्हावा हा त्यांतील हेतु. पुढें १८७६ सालीं तोकियो येथें जपानची पहिली सरकारी बालशाळा निघाली, ती याच पद्धतीवर. अशा रीतीनें जर्मन घड्या जपानी मुलांच्या हातीं गेल्या व जपानी घड्यांत मिसळल्या. उलट जपानी घड्या व्यापारी, जादूगार व प्रवासी यांच्याबरोबर पश्चिमेकडे गेल्या. गोदावरीला मिळालेलें वैनगंगेचें पाणी पुढें निराळें काढतां येत नाहीं, तसें या मिश्रणाचें झालें.

या व्यवहारांत हिंदुस्थानचाहि एक वांटा आहे, आणि तो आपल्याच लोकांस फारसा ठाऊक नाहीं. मद्रास येथें १८९३ सालीं टी. सुंदरराव यांचें कागदाच्या घड्यांवरून भूमिति शिकविणारें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. कंपास व पट्टी न घेतां, केवळ कागद दुमडून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्‌कोन इत्यादि आकृति कशा मिळवाव्या आणि त्यावरून भूमितीचीं प्रमेयें कशीं पटवावीं, हें त्यांत क्रमवार सांगितलें आहे. विख्यात जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यानें आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला. तो वाचून बेमन व स्मिथ या दोघां अमेरिकन प्राध्यापकांचें लक्ष त्याकडे गेलें आणि त्यांनीं संपादिलेली आवृत्ति १९०१ सालीं शिकागो येथें निघाली. मद्रासेंत छापलेलें पुस्तक गटिंगेनच्या एका प्राध्यापकानें वाचावें, आणि त्याच्या शब्दावरून तें अमेरिकेंत पुन्हां छापलें जावें, हा प्रवास एका नांवाच्या उल्लेखानें घडला. क्लाइननें नांव न घेतां केवळ कल्पना उचलली असती, तर सुंदररावांचें पुस्तक मद्रासच्या एखाद्या कपाटांतच राहिलें असतें.

त्याहून मोलाची गोष्ट सुंदररावांच्या स्वतःच्या वृत्तीची आहे. हें पुस्तक आपणांस कशावरून सुचलें, तें त्यांनीं प्रस्तावनेंतच सांगून टाकिलें. बालोद्यानाच्या साहित्यांत घडीकामाची एक पेटी असे. तींत रंगीत कागदाचे दोनशें चौकोन, घडी दाबण्याची एक पट्टी आणि सूचना असत. त्या पेटीवरून ही कल्पना सुचली, असें त्यांनीं निःसंकोच लिहिलें. मुलांच्या खेळण्याचें ऋण मान्य करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. ऋण सांगितल्यानें त्यांचें श्रेय उणें न होतां उलट स्पष्ट झालें. कारण पेटींत काय होतें आणि सुंदररावांनीं त्यांत काय घातलें, हें वाचकास लख्ख दिसतें.

याच भूमितीच्या प्रांतांत नांवांचा एक घोटाळाहि घडला, आणि तो फार बोधप्रद आहे. कंपास व पट्टी यांनीं प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करतां येतातच असें नाहीं, तसेंच घनाची दुप्पटहि करतां येत नाहीं, हें गणितज्ञांनीं सिद्ध केलेलें आहे. परंतु कागदाच्या घडीनें तें साधतें. तिसऱ्या घाताचीं समीकरणें घडीनें सुटतात, हें मार्गेरिता बेलोक या इटालियन विदुषीनें १९३६ सालीं दाखविलें. पुढें प्रश्न निघाला, कीं एका वेळीं एक सरळ घडी घालण्याचे मूलभूत प्रकार किती? सहा प्रकार हुमिआकि हुझिता यांनीं मांडले आणि ते त्यांच्या नांवानें प्रसिद्ध झाले. सातवा प्रकार कोशिरो हातोरी यांनीं २००१ सालीं सांगितला, आणि त्यांचेंहि नांव त्यांत जोडलें गेलें. नंतर ध्यानांत आलें, कीं जाक जुस्तँ या फ्रेंच गणितज्ञानें हे सातहि प्रकार १९८६ सालींच लिहून ठेविले होते. हुझितांनीं किंवा हातोरींनीं चोरी केली असें कोणी म्हणत नाहीं. एकाच सत्यापाशीं निरनिराळ्या वाटांनीं निरनिराळीं माणसें पोंचतात. म्हणून आतां अनेक अभ्यासक जुस्तँ यांचें नांव आदरानें त्यांत घालतात. पहिला कोण हें ठरविणें म्हणजे दुसऱ्यास खोटा ठरविणें नव्हे.

यावरून एक साधी कसोटी निघते. ज्या कृतींत चार-सहाच घड्या आहेत, ती अनेकांच्या हातून स्वतंत्रपणें होऊं शकते. टोपी, साधें विमान, पंखा, साधी होडी यांचा एकच मूळ पुरुष शोधीत बसणें व्यर्थ आहे. कागदाचा चौकोनच त्या वाटेनें हाताला घेऊन जातो. परंतु ज्या कृतींत चाळीस-पन्नास घड्या आहेत, आणि प्रत्येक घडीला दुसरे दहा पर्याय होते, ती दोघांना हुबेहूब सुचणें जवळ जवळ अशक्य. तेथें कोणीतरी एक कर्ता असलाच पाहिजे, आणि तेथें 'परंपरागत' हा शब्द दिसला तर वाचकानें संशय घ्यावा.

नांव राखण्याच्या दृष्टीनें या कलेंत सर्वांत मोठा पालट घडविला तो अकिरा योशिझावा यांनीं. यांचा जन्म १९११ चा. तरुणपणीं ते एका कारखान्यांत काम करीत व तेथील नवशिक्यांस भूमिति शिकवितांना कागदाच्या घड्यांचा उपयोग करीत. १९३७ सालीं त्यांनीं नोकरी सोडली आणि पुढें कित्येक वर्षें, दारोदार खाद्यपदार्थ विकून पोट भरीत, हीच एक साधना केली. १९५१-५२ च्या सुमारास एका सचित्र जपानी नियतकालिकासाठीं त्यांनीं तिकडील वर्षचक्राचे बारा प्राणी घडविले आणि त्यांची कीर्ति एकाएकीं पसरली. १९५४ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. त्यांत घड्या दाखविण्यासाठीं तुटक रेषा व बाण यांची एक नियमित लिपि होती. आंत वळणारी घडी एका रेषेनें आणि बाहेर वळणारी दुसऱ्या रेषेनें दाखवावयाची, म्हणजे भाषा न जाणणाराहि ती कृति करूं शकेल. अमेरिकेंत सॅम्युअल रँडलेट यांनीं १९६१ च्या आपल्या पुस्तकांत ती लिपि थोड्या फेरफारानें स्वीकारली, आणि आज ती सर्व जगांत चालते.

या लिपीचें महत्त्व महाराष्ट्रास निराळें समजावून सांगावयास नको. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्याघराण्यांत कोंडलेल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीनें छापिल्या, तेव्हां गाण्याच्या जगांत जें घडलें तेंच येथें घडलें. जी विद्या मुखानें व हातानेंच देतां येत होती, ती कागदावर आली. कागदावर आली, म्हणजे तिला तारीख आली; आणि तारीख आली, म्हणजे तिच्याखालीं नांव लिहितां येऊं लागलें. योशिझावांपूर्वीं घडीकाम करणारा हा बहुशः कारागीर समजला जाई. त्यांच्यानंतर तो रचनाकार समजला जाऊं लागला. २००५ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वाढदिवशींच, त्यांचें निधन झालें.

नांव आलें, तसा नांवाविषयींचा वादहि आला. सेरा मॉरिस या चित्रकर्तीनें ओरिगामीच्या घडीरेषांचे आराखडे घेऊन, त्यांत रंग भरून मोठीं चित्रें केलीं, आणि मूळ रचनाकारांचीं नांवें दिलीं नाहींत, अशी तक्रार रॉबर्ट लँग प्रभृति रचनाकारांनीं २०११ सालीं अमेरिकन न्यायालयांत नेली. ती २०१३ सालीं आपसांत मिटली आणि चित्रांबरोबर मूळ रचनाकारांचा उल्लेख व्हावा असें ठरलें. आपल्याकडील १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांतहि, हक्क दुसऱ्यास विकल्यानंतरसुद्धां, कृति आपली आहे असें म्हणण्याचा कर्त्याचा विशेष अधिकार मान्य केलेला आहे. पैशाचा हक्क संपला तरी नांवाचा हक्क संपत नाहीं, हें तत्त्व मोठें उदात्त आहे.

येथें कोणी असें म्हणेल, कीं विद्या सर्वांस मोकळी असावी. तिच्यावर नांवाचे खुंटे कशाला? परंतु मोकळेपणा आणि कृतज्ञता यांत विरोध नाहीं. पुण्याच्या आयुका संस्थेंत राहून अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ वस्तूंपासून खेळणीं करण्याची विद्या मुलांस दिली व आपलीं पुस्तकें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. विहिरीचें पाणी गांवांतील सर्वांनीं भरावें. विहीर कोणीं खणली तें सांगितल्यानें पाणी आटत नाहीं. उलट, नांव नाहींसें झालें म्हणजे काय हरवतें, हें पूर्वींच्या ठाणें जिल्ह्याच्या वारली चित्रकलेनें दाखविलें. पिढ्यान् पिढ्या लग्नघरच्या भिंतीवर तीं चित्रें सुवासिनींनीं काढलीं, परंतु त्यांपैकीं एकीचेंहि नांव जगास कळलें नाहीं. जिव्या सोमा म्हसे यांनीं तीं चित्रें कागदावर आणलीं, तेव्हां प्रथमच एका वारली चित्रकाराचें नांव सर्वतोमुखीं झालें आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. म्हसे यांस मिळालेला मान सर्वथा योग्यच होता. खंत आहे ती त्या असंख्य अनामिक हातांविषयीं, ज्यांना विचारणारा कोणी वेळेवर आलाच नाहीं.

म्हणून हा प्रश्न अखेर शाळेच्या दारांत येऊन उभा राहतो. नागपूरपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यास १९३७ सालीं जी शिक्षण परिषद भरली, तिच्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीनें हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना आखली. हात काम करूं लागला, कीं बुद्धि जागी होते, हें त्या योजनेचें मर्म. परंतु हातानें काम शिकवितांना तें काम कोणाकडून आलें, हेंहि शिकविलें पाहिजे. वर्गांत एखादी घडी शिकवितांना शिक्षकानें फळ्यावर तीन गोष्टी लिहाव्या: कृतीचें नांव, ती कोठून घेतली तें, आणि कर्त्याचें नांव. कर्ता माहीत असेल तर तो लिहावा. शोधूनहि न सांपडल्यास 'अनामिक' असें लिहावें. परंतु अंदाजानें कोणाचें तरी नांव मुळींच लिहूं नये. चुकीचें नांव हें कोऱ्या जागेपेक्षां वाईट, कारण कोरी जागा पाहून कोणीतरी शोध करील. चुकीचें नांव पाहून सर्व जण स्वस्थ बसतील.

आणि याच्या पुढची एक पायरी आहे. वर्गांतील चाळीस मुलांपैकीं एखादें मूल, सांगितलेली घडी घालतां घालतां चुकतें, थांबतें, आणि त्या चुकींतूनच कधीं पूर्वीं न पाहिलेला एखादा आकार त्याच्या हातांत उभा राहतो. पुष्कळ वेळां तो आकार तास संपतांच केराच्या टोपलींत जातो. त्याऐवजीं शिक्षकानें तो कागद उचलावा, त्याच्या घडीरेषा वहींत उतरून घ्याव्या, आणि त्याखालीं त्या मुलाचें नांव व तारीख लिहावी. तो आकार दुसऱ्या कोणीं पूर्वीं केलेला निघेल, निघूं द्यावा. जुस्तँ आणि हुझिता यांच्यासारख्या पंडितांचें जें झालें, तें एका विद्यार्थ्याचें झाल्यास त्यांत लाज नाहीं. परंतु तो खरोखरीच नवा असेल, तर शंभर वर्षांनीं कोणास त्याचा कर्ता शोधीत दारोदार फिरावें लागणार नाहीं. आणि आपल्या बोटांतून निघालेल्या वस्तूखालीं गुरुजींनीं आपलें नांव लिहिलें, हें ज्या मुलानें एकदां पाहिलें, तें पुढें दुसऱ्याच्या कृतीखालचें नांव पुसण्यास धजणार नाहीं.